एडीबी टाकलं, पण फोन दिसत नाही (आणि पडद्याचा खालचा भाग मेलाय)

सांजवारा | शनिवार, सकाळी १०:१२

जाणकारांनो, मदत हवी आहे. आधीच सांगते, मी प्रोग्रामर नाही. एक्सेलच्या पुढे माझी मजल नाही.

फोन हातातून पडला. काच शाबूत आहे, चित्र नीट दिसतं, पण पडद्याचा खालचा दोन बोटं रुंदीचा पट्टा स्पर्शाला दादच देत नाही. बोटाच्या ठशाने कुलूप उघडतं म्हणून निभावतंय. आत अकरा हजारांच्या वर फोटो आहेत आणि आईचे व्हॉइस मेसेज. क्लाउडवर काहीही नाही. (हो, माहितीये. बोलू नका.)

केबल लावून, फाइल ट्रान्सफर निवडून फोटो ओढून बघितले. फोल्डर उघडायलाच पाच-सात मिनिटं, मग हिरवी पट्टी अर्ध्यावर जाऊन थिजते. तीनदा झालं. केबल खराब असेल म्हणून दुसरी घेतली, तर त्यावर काहीच होईना. एका ओळखीच्यांनी सांगितलं, एडीबी (अँड्रॉइड डिबग ब्रिज, संगणकावरून फोनला कमांड द्यायचं साधन) टाक, एका कमांडमध्ये सगळं उतरतं. म्हणून अँड्रॉइडच्या अधिकृत डेव्हलपर साइटवरून विंडोजचं ‘एसडीके प्लॅटफॉर्म टूल्स’ उतरवलं. झिप उघडून आतल्या एडीबीवर डबल क्लिक केलं तर ‘एडीबीविनएपीआय डॉट डीएलएल’ सापडत नाही म्हणे. कमांड प्रॉम्प्ट उघडून नुसतं एडीबी लिहिलं तर ‘इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’. विंडोज ११ आहे.

काय चुकतंय?

(इथे रोमन अक्षरं मिसळली की ओळी उलटसुलट होतात, म्हणून कमांड देवनागरीत लिहितेय. टाइप अर्थातच रोमन लहान लिपीत करतेय. उत्तर देणाऱ्यांनीही तसंच लिहिलं तर बरं.)

---

खुडबुड्या | शनिवार, सकाळी १०:४०

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींत प्रत्येक जण एकदा अडकतो.

विंडोज झिप फाइल फोल्डरसारखी उघडून दाखवतं, त्यामुळे वाटतं की आतलं सगळं बाहेर आलंच आहे. प्रत्यक्षात आतल्या फाइलवर डबल क्लिक केलं की तेवढी एकच फाइल तात्पुरत्या जागी काढून चालवली जाते. एडीबीला शेजारी दोन डीएलएल (मदतनीस फाइली) लागतात. त्या झिपमध्येच राहिल्या, म्हणून ती तक्रार. इंटरनेटवर ती डीएलएल शोधून उतरवायच्या फंदात अजिबात पडू नका, त्या वाटेने नको ते येतं. झिपवर राइट क्लिक, एक्स्ट्रॅक्ट ऑल. जो ‘प्लॅटफॉर्म-टूल्स’ फोल्डर मिळेल तो सी ड्राइव्हवर अगदी वर ठेवा. डाउनलोड्समध्ये ठेवलात तर पुढच्या साफसफाईत जाईल.

झालं इन्स्टॉल. खरंच एवढंच. सेटअप नाही, ‘नेक्स्ट नेक्स्ट फिनिश’ नाही. पूर्वी या दोन-चार फाइलींसाठी आख्खं एसडीके (ॲप बनवणाऱ्यांच्या साधनांचा मोठा संच) उतरवायला लागायचं. २०१७ पासून गूगल हा गठ्ठा वेगळा देतं. ‘पंधरा सेकंदांत एडीबी’ छापाचे जे तयार इन्स्टॉलर फिरतात ते त्या आधीच्या काळातले. आता त्यांची गरज नाही, आणि त्यातलं एडीबी बहुधा जुनंपुराणं असतं.

दुसरी गोष्ट. याला खिडकी नाही, हे डबल क्लिकने चालवायचं नसतंच. तो फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी लिहून एंटर मारा. काळी खिडकी त्याच फोल्डरात उघडेल. तिथे ‘एडीबी व्हर्जन’ लिहा. उत्तरात ‘इन्स्टॉल्ड ॲज’ अशी एक ओळ येते, तिच्यात कुठल्या फोल्डरातलं एडीबी चाललं ते दिसतं. ती ओळ बघायची सवय लावून घ्या, पुढे कामाला येते.

कुठूनही चालायला हवं असेल तर तो फोल्डर ‘पाथ’मध्ये (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) घालावा लागतो. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्न्मेंट’ शोधा, ‘एडिट एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट’, त्यात पाथ, न्यू, फोल्डरचा पत्ता, ओके. आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी बंद करून नवी उघडा. जुनीला नवा पाथ माहीत नसतो आणि लोक तिच्यातच अर्धा तास डोकं आपटत बसतात.

---

निळा_पडदा | शनिवार, सकाळी १०:५५

+१. भर: विंडोज ११ मध्ये राइट क्लिक करून ‘ओपन इन टर्मिनल’ केलं तर बहुतेक वेळा पॉवरशेल उघडतं. ते चालू फोल्डरातला प्रोग्राम नुसत्या नावाने चालवत नाही, नावाआधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. फाइल समोर दिसतेय आणि तरी ‘सापडत नाही’ म्हणतंय, असं झालं तर हेच.

आणि ज्यांना झिप-पाथ काहीच नको त्यांच्यासाठी: ‘विनगेट इन्स्टॉल गूगल डॉट प्लॅटफॉर्मटूल्स’. पाथही तेच बघतं. मी हल्ली असंच करतो.

---

नुसता_वाचक | शनिवार, सकाळी ११:०३

फोटोच हवेत तर एवढा खटाटोप कशाला? फाइल ट्रान्सफर पुन्हा करून बघा की. थोडे थोडे घ्या.

---

खुडबुड्या | शनिवार, सकाळी ११:१०

चालेलही. पण फाइल ट्रान्सफर ज्या एमटीपी पद्धतीने चालतं, त्यात विंडोज आधी प्रत्येक फाइलची चौकशी करत बसतं, आणि एका फोल्डरात हजारो फोटो असले की ते हमखास दमतं. शिवाय फोन हळूहळू मरतोय, उद्या वरचा भागही गेला तर संगणकावरून फोन चालवता यायला हवा. त्यासाठी एडीबीची परवानगी आजच घेऊन ठेवलेली बरी.

---

सांजवारा | शनिवार, दुपारी १२:२०

झिप सोडवली, पाथ घातला. ‘एडीबी व्हर्जन’ला १.०.४१ आणि फोल्डरचा पत्ता आला. आनंद!

पण ‘एडीबी डिव्हायसेस’ म्हटलं तर ‘लिस्ट ऑफ डिव्हायसेस अटॅच्ड’ आणि खाली कोरं. यूएसबी डिबगिंग (केबलवरून एडीबीला फोनशी बोलू देणारी सोय) चालू आहे. ती ज्यात असते ते डेव्हलपर ऑप्शन्स (सेटिंग्जमधला लपवलेला भाग) मी मागे ॲनिमेशन कमी करायला उघडलेले होते, त्यामुळे बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची वेळ आली नाही.

---

शंकासुर | शनिवार, दुपारी १२:२४

फोन आणि पीसी दोन्ही रीस्टार्ट करा. निम्मे प्रॉब्लेम तिथेच जातात.

---

खुडबुड्या | शनिवार, दुपारी १२:२६

नका! फोन रीस्टार्ट करू नका!!

सांजवारा, शंकासुर यांचा सल्ला एरवी ठीक आहे, तुमच्या फोनला घातक आहे. रीस्टार्टनंतर अँड्रॉइड बोटाचा ठसा मानत नाही, पहिल्यांदा पिनच मागतं. तो दिल्याशिवाय आतला डेटा कुलूपबंदच राहतो. पिनच्या आकड्यांची खालची ओळ तुमच्या मेलेल्या पट्ट्यात येते. पिनमध्ये शून्य आहे का? (पिन सांगू नका, फक्त हो की नाही.)

आणि शेवटचा पिन कधी टाकला होता? रीस्टार्ट न करताही ७२ तासांत एकदा तो मागतातच.

---

सांजवारा | शनिवार, दुपारी १२:३१

शून्य आहे. 😟

गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास अपडेट होऊन फोन बंद-चालू झाला तेव्हा टाकला होता. त्यानंतर ठसाच.

---

खुडबुड्या | शनिवार, दुपारी १२:३३

म्हणजे रविवारी रात्री अकरापर्यंत. पुरेसा वेळ आहे. बॅटरी संपू देऊ नका, फोन चार्जिंगला ठेवा.

---

शंकासुर | शनिवार, दुपारी १२:३५

बाप रे. सल्ला मागे घेतो.

---

तारेवरची_कसरत | शनिवार, दुपारी १२:५०

कोऱ्या यादीबद्दल. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की केबल बदलल्यावर ‘काहीच होईना’. नवी केबल कसली आहे? पॉवर बँक, इअरफोन किंवा दिव्यासोबत आलेली असेल तर ती फक्त चार्जिंगची असू शकते. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्वस्तातल्या केबलमध्ये डेटाच्या दोन घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतो, वरून दोन्ही केबली सारख्या दिसतात, आणि माणूस ड्रायव्हरला (संगणकाला उपकरणाशी बोलायला शिकवणाऱ्या प्रोग्रामला) शिव्या घालत बसतो.

ओळखायची खूण: लावल्यावर विंडोजचा ‘टुडुंग’ आवाज आला पाहिजे आणि फोनच्या सूचनांत ‘चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी’ची ओळ दिसली पाहिजे. दोन्ही नाही म्हणजे केबल मुकी आहे.

हबमधून लावली असेल तर हबही काढा. थेट मागच्या पोर्टात लावा.

---

सांजवारा | शनिवार, दुपारी १:२५

पॉवर बँकेचीच होती! जुनी केबल लावली, आवाज आला. म्हणजे जी केबल खराब म्हणून टाकली तीच चांगली होती.

यादी मात्र अजून कोरी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हायसेस’खाली फोनचं नाव आहे आणि त्यावर पिवळा त्रिकोण.

---

निळा_पडदा | शनिवार, दुपारी १:४०

आता माझा प्रांत.

डिबगिंग चालू असलेला फोन संगणकाला एक नाही, दोन उपकरणं म्हणून दिसतो: एक फाइलींसाठी, एक एडीबीसाठी. फाइलींचा ड्रायव्हर विंडोजकडे आधीपासून असतो. एडीबीचा बऱ्याच फोनांना आपोआप बसतो, काहींना नाही. तुमचा त्या ‘काहीं’तला दिसतो. आधी फोन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर यूएसबी ड्रायव्हर आहे का बघा, असेल तर तोच टाका. नसेल तर ‘गूगल यूएसबी ड्रायव्हर’ची झिप उतरवून सोडवा आणि हाताने बसवा. पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, त्याखालचं ‘लेट मी पिक’, यादीत ‘शो ऑल डिव्हायसेस’, मग ‘हॅव डिस्क’ आणि त्या फोल्डरातली आयएनएफ फाइल. तीन नावं येतील, त्यातलं ‘अँड्रॉइड कॉम्पोझिट एडीबी इंटरफेस’ निवडा. विंडोज दटावेल की हा ड्रायव्हर या उपकरणाचा असल्याची खात्री नाही. येस म्हणा.

‘हॅव डिस्क’ हे बटण फ्लॉपीच्या काळापासून तिथे आहे आणि आपण सगळे गेल्यावरही असेल.

---

खुडबुड्या | शनिवार, दुपारी २:०५

तोवर सगळ्यांसाठी थोडं लिहून ठेवतो, कारण असे धागे दर महिन्याला निघतात आणि प्रत्येकात लोक दिसेल ते उपाय क्रम न बघता मारत सुटतात.

एडीबी म्हणजे तिघांची साखळी आहे. तुम्ही टाइप करता तो क्लायंट. तो संगणकातच मागे चालणाऱ्या सर्व्हरशी ५०३७ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतो. तो सर्व्हर केबलवरून फोनमधल्या एडीबीडी नावाच्या प्रोग्रामशी बोलतो. पहिली कमांड दिल्यावर ‘डेमन नॉट रनिंग, स्टार्टिंग नाउ’ येतं ती चूक नाही, सर्व्हर नुकताच उठलाय एवढंच.

साखळी कुठे तुटली ते ‘एडीबी डिव्हायसेस’ स्वतःच सांगतं, फक्त वाचायला हवं. कमांडच सापडत नाही: पाथ किंवा फोल्डर, फोनचा काही संबंध नाही, केबल काढून ठेवली तरी चालेल. यादी कोरी: केबल, पोर्ट, ड्रायव्हर, किंवा फोनवर डिबगिंग बंद. ‘अनऑथराइज्ड’: तारा-ड्रायव्हर सगळं झकास, फोन तुमच्या होकाराची वाट बघतोय. ‘ऑफलाइन’: दोघांची ओळख अर्धवट राहिली, केबल काढून लावा, नाहीतर ‘एडीबी किल-सर्व्हर’ करून पुन्हा बघा. ‘डिव्हाइस’: जिंकलात.

कोरी यादी असताना पाथ तिसऱ्यांदा तपासणारे आणि अनऑथराइज्ड येत असताना ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकणारे मी पाहिलेत. मीही त्यातलाच होतो.

अवांतर: सॅमसंगच्या अलीकडच्या फोनांत ‘ऑटो ब्लॉकर’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर यूएसबी डिबगिंगचं बटण करडं दिसतं, चालूच होत नाही. आधी ती बंद करावी लागते.

---

सांजवारा | शनिवार, दुपारी ३:१५

ड्रायव्हर बसला! यादीत फोनचा नंबर आला आणि पुढे ‘अनऑथराइज्ड’.

फोनवर खिडकी आलीये, ‘अलाउ यूएसबी डिबगिंग?’, खाली कसलीशी आकड्या-अक्षरांची माळ, ‘ऑल्वेज अलाउ फ्रॉम धिस कॉम्प्युटर’ची चौकट, आणि शेवटी कॅन्सल व अलाउ. ही दोन्ही बटणं बरोब्बर मेलेल्या पट्ट्यात. वीस वेळा दाबलं. हसू का रडू कळेना.

---

शंकासुर | शनिवार, दुपारी ३:२०

हा होकार संगणकावरून देता येत नाही का?

---

खुडबुड्या | शनिवार, दुपारी ३:२८

नाही, आणि ते बरोबरच आहे. तो देता आला असता तर चोरीचा फोन कोणीही केबल लावून रिकामा केला असता. अँड्रॉइड ४.२.२ पासून ही खिडकी आली. संगणक आपली किल्ली तयार करतो (तुमच्या युझर फोल्डरात ‘टिंब-अँड्रॉइड’ नावाच्या फोल्डरात ‘एडीबीकी’ फाइल असते ती), आणि ती माळ म्हणजे त्या किल्लीचा ठसा. होकार फोनवरच द्यावा लागतो.

ओटीजी अडॅप्टर (फोनला माउससारखी यूएसबी उपकरणं लावायचा जोड) आणि यूएसबी माउस असेल तर फोनला माउस लावा, पडद्यावर बाण येतो, त्याने दाबता येतं. पण बहुतेक फोनांना एकच पोर्ट, म्हणजे केबल काढावी लागणार आणि केबल काढली की खिडकी जाणार. हबवाला अडॅप्टर मदतीला येत नाही, कारण माउससाठी फोन यजमान असतो आणि एडीबीसाठी पाहुणा, एका वेळी एकच. ब्लूटूथ माउस आहे का कोणाकडे?

---

गप्पिष्ट | शनिवार, दुपारी ३:४१

मला यातलं शष्प कळत नाही, पण फोन आडवा केला तर?

---

खुडबुड्या | शनिवार, दुपारी ३:४३

…

गप्पिष्ट, साष्टांग नमस्कार.

सांजवारा, वरून सूचनांचा पडदा ओढा, ऑटो-रोटेट चालू करा, फोन आडवा धरा. कुठल्या बाजूने आडवा करता ते महत्त्वाचं. मेलेला पट्टा डावीकडे यायला हवा. अलाउचं बटण उजव्या हाताला असतं.

---

सांजवारा | शनिवार, दुपारी ३:५८

झालं!!!

पहिल्यांदा पट्टा उजवीकडेच आला, मग फोन उलटा फिरवला. खिडकी मध्यभागी आली, पट्टा पार डावीकडे बाहेर. आधी ‘ऑल्वेज’ची चौकट टिचकावली, मग अलाउ. यादीत आता ‘डिव्हाइस’ लिहून आलंय. गप्पिष्ट, तुम्हाला माझ्याकडून शंभर गुण.

आता फोटो कसे उतरवू?

---

गप्पिष्ट | शनिवार, दुपारी ४:०१

मी स्वयंपाकघरात फोन आडवा ठेवून व्हिडिओ बघणारी बाई, मला तेवढंच सुचणार. 😄

---

खुडबुड्या | शनिवार, दुपारी ४:१०

संगणकावर जागा असलेल्या ड्राइव्हवर रिकामा फोल्डर करा, त्यात काळी खिडकी उघडा आणि: ‘एडीबी पुल वजा-ए तिरकी-रेघ एसडीकार्ड तिरकी-रेघ डीसीआयएम’. डीसीआयएम (कॅमेऱ्याच्या फोटोंचा फोल्डर) मोठ्या लिपीत, एसडीकार्ड लहान. ‘वजा-ए’ विसरू नका. तो नसेल तर सगळ्या फाइलींवर आजची तारीख चिकटते आणि अकरा हजार फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतात.

व्हॉइस मेसेज कशातले आहेत? व्हॉट्सॲप असेल तर ते अँड्रॉइड ११ पासून एसडीकार्डमधल्या अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम-डॉट-व्हॉट्सॲप या फोल्डरात असतात. तो आख्खा फोल्डर तसाच पुल करा. वाटेतल्या ज्या नावांत मोकळी जागा आहे ती अवतरणचिन्हांत घालावी लागतात, म्हणून वरचा फोल्डर घेणं सोपं.

मध्येच तुटलं तर पुल जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे केबलला धक्का लागू देऊ नका.

---

सांजवारा | शनिवार, संध्याकाळी ५:२०

सुरू होऊन दोन मिनिटांत तुटलं. ‘एडीबी सर्व्हर व्हर्जन ३१ डझन्ट मॅच धिस क्लायंट ४१, किलिंग’ असं काहीतरी. अक्षरशः किलिंग लिहिलंय. घाबरून हात लावला नाही.

---

निळा_पडदा | शनिवार, संध्याकाळी ५:३१

मारामारी दोन एडीबींची चाललीये. तुमच्या संगणकात आणखी एक जुनं एडीबी कुठेतरी आहे. फोन-सिंकवाले, स्क्रीन दाखवणारे, एम्युलेटरवाले प्रोग्राम आपापलं एडीबी पोटात घेऊन येतात. ५०३७ वर सर्व्हर एकच बसू शकतो. तुमचं ४१वालं जुन्याला हाकलतं, थोड्या वेळाने ते जुनं उठून तुमच्याला हाकलतं. दर वेळी फोनशी संबंध तुटतो.

घड्याळाजवळच्या आयकॉनांत फोनसंबंधी काय चाललंय ते बघा आणि बंद करा. ‘व्हेअर एडीबी’ने पाथमधली सगळी एडीबी दिसतात (पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहा, नुसत्या व्हेअरचा तिथे वेगळाच अर्थ आहे). तिथे सापडलं नाही तर टास्क मॅनेजरमध्ये एडीबी शोधा, राइट क्लिक, ‘ओपन फाइल लोकेशन’.

---

सांजवारा | शनिवार, संध्याकाळी ६:५०

सापडलं. आधीच्या फोनबरोबर आलेला बॅकअपचा प्रोग्राम, चार वर्षं गुपचूप चालू होता. काढून टाकला.

आणि मग: ‘११४३७ फाइल्स पुल्ड, ० स्किप्ड, ३१.२ एमबी पर सेकंद’. अर्ध्या तासाच्या आसपास लागला. तारखा जशाच्या तशा. आईचा एक मेसेज लावून बघितला, चालतोय.

---

पेंग्विनपंथी | शनिवार, रात्री ८:०५

अभिनंदन. धागा चांगला जमलाय, तर लिनक्सवाल्यांसाठी इथेच टाकतो.

डेबियन-उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एडीबी फास्टबूट’. ड्रायव्हर लागत नाही, पण यादीत ‘नो परमिशन्स, मिसिंग युडेव्ह रूल्स?’ आलं तर ‘अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन’ हे पॅकेज टाका, ते नियम (कुठल्या उपकरणाला कोण हात लावू शकतो ते सांगणारे) त्यातच आहेत. आर्चवर ‘अँड्रॉइड-टूल्स’ आणि ‘अँड्रॉइड-युडेव्ह’, फेडोरावर ‘अँड्रॉइड-टूल्स’. टाकल्यावर केबल काढून पुन्हा लावा, नियम लावतानाच लागू होतो.

‘सुडो एडीबी’ करून वेळ मारून नेऊ नका. सर्व्हर रूटच्या (सर्वाधिकारी युझरच्या) नावाने उठतो, किल्ली रूटच्या घरात जाते, आणि पुढच्या वेळी साध्या युझरने चालवलं की फोन नव्याने परवानगी मागतो. सांजवारांच्या फोनवर ते किती महागात पडलं असतं बघा.

छोट्या एआरएम बोर्डांवर गूगलची झिप चालणार नाही, ती लिनक्ससाठी इंटेल-एएमडीचीच मिळते. डिस्ट्रोचं पॅकेज घ्या.

मॅकवर ‘ब्रू इन्स्टॉल अँड्रॉइड-प्लॅटफॉर्म-टूल्स’, संपलं.

---

शंकासुर | शनिवार, रात्री ८:४०

केबलचीच एवढी रड असेल तर वायफायने का नाही? आणि आयफोनला यातलं काही चालतं का?

---

खुडबुड्या | शनिवार, रात्री ९:१५

वायफायने होतं. अँड्रॉइड ११ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘वायरलेस डिबगिंग’ आहे. ‘पेअर विथ कोड’ दाबलं की सहा आकडी कोड आणि एक पत्ता दिसतो, ‘एडीबी पेअर’ला तो द्यायचा. मेख अशी की जोडणीच्या खिडकीतला पोर्ट वेगळा आणि नंतरच्या ‘एडीबी कनेक्ट’चा वेगळा. दुसरा मागच्या, मुख्य पानावर असतो. मी पहिल्यांदा पेअरचाच पोर्ट कनेक्टला देत तासभर बसलो होतो. अर्थात अकरा हजार फोटोंना केबलच बरी.

त्याआधीच्या फोनांत ‘एडीबी टीसीपीआयपी ५५५५’ अशी जुनी वाट आहे. काम झालं की ‘एडीबी यूएसबी’ करून ती बंद करा. २०१८ मध्ये एडीबी डॉट मायनर नावाचा किडा (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) इंटरनेटला उघड्या पडलेल्या ५५५५ पोर्टांतूनच अँड्रॉइड उपकरणांत, मुख्यतः टीव्ही बॉक्समध्ये, शिरत होता.

आयफोनचं विश्व वेगळं. एडीबी तिथे निरुपयोगी. ‘लिबआयमोबाइलडिव्हाइस’ म्हणून मुक्त साधनं आहेत, ‘आयडिव्हाइससिसलॉग’ने लॉग बघता येतो. फोनवर ‘ट्रस्ट’ दाबावं लागतंच.

---

नुसता_वाचक | रविवार, सकाळी ९:३०

त्याच झिपमध्ये फास्टबूटही (अँड्रॉइड सुरू होण्याआधीच फोनला कमांड द्यायचं साधन) दिसतंय. तेही शिकून घ्यावं म्हणतो, बूटलोडर (फोन चालू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) अनलॉक वगैरे.

---

पेंग्विनपंथी | रविवार, सकाळी ९:४४

शिका, पण रोजच्या फोनवर नको. अनलॉक केलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं, तशीच रचना आहे. विंडोजवर फास्टबूटमध्ये फोन वेगळं उपकरण म्हणून दिसतो, त्यामुळे एडीबी छान चालत असतानाही तिथे ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’वर अडकाल आणि ड्रायव्हरची तीच कसरत पुन्हा. आणि सॅमसंग असेल तर फास्टबूट नाहीच, त्यांचा डाउनलोड मोड वेगळा.

---

सांजवारा | रविवार, रात्री ११:२०

शेवटचा अपडेट. अकरा वाजता फोनने ठसा नाकारला. ‘पिन टाका’.

खुडबुड्या यांनी दुपारी व्यक्तिगत निरोपात लिहून दिलेलं तसं केलं. पडद्याच्या मधूनच वर सरकवून पिनचा पडदा आणला, केबल लावली, ‘एडीबी शेल इनपुट टेक्स्ट’ आणि पुढे पिन. फोनवर चार टिंबं उमटली. मग ‘एडीबी शेल इनपुट कीइव्हेंट ६६’, म्हणजे एंटर. उघडला.

काही फोनांत यासाठी डेव्हलपर ऑप्शन्समधली सिक्युरिटी सेटिंग्जवाली आणखी एक परवानगी लागते म्हणे, मला लागली नाही. काळी खिडकी बंद केली कारण पिन तिच्यात लिहिलेला दिसत होता.

फोन उद्या दुरुस्तीला देतेय. द्यायच्या आधी डिबगिंग बंद करायचं ना?

---

खुडबुड्या | रविवार, रात्री ११:२६

आधी ‘रिव्होक यूएसबी डिबगिंग ऑथरायझेशन्स’, मग डिबगिंग बंद. पण फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवलेत का?

---

सांजवारा | रविवार, रात्री ११:२८

उतरवतेय. ६१ टक्के.